विखुरलेल्या बिंदूंचा समोच्च नकाशा: ग्रिडिंगमध्ये कुठे काय ठरवायचं आणि कुठे फसगत होते

हातात तीन रकान्यांची फाइल असते: एक्स, वाय आणि त्या ठिकाणी मोजलेलं मूल्य. पर्जन्यमापकांच्या नोंदी, विहिरींतली पाण्याची पातळी, समुद्राचं तापमान, मातीतलं शिसं, काहीही. मोजणी जिथे सोयीची झाली तिथे केलेली, त्यामुळे एका कोपऱ्यात दहा बिंदूंची दाटी आणि दुसरीकडे नुसता शुकशुकाट. या फाइलवर थेट कॉन्टूरची (समोच्च रेषांची) आज्ञा चालवली की प्रोग्राम अडून बसतो, कारण त्याला ओळी आणि स्तंभ पूर्ण भरलेला द्विमितीय ॲरे लागतो. मग कुठून तरी ‘ग्रिडडेटा’ची, म्हणजे विखुरलेल्या बिंदूंवरून सगळ्या चौकटी भरणाऱ्या (ग्रिडिंग करणाऱ्या) आज्ञेची, एक ओळ मिळते, ती चिकटवली की गुळगुळीत, रंगीत नकाशा हजर.

गोम इथेच आहे. त्या नकाशात दहा हजार चौकटी असतील, तर त्यातल्या मोजलेल्या फार तर तीनशे. उरलेल्या नऊ हजार सातशे तुम्ही निवडलेल्या पद्धतीने भरल्या आहेत, तुम्ही ती पद्धत विचार करून निवडली असो वा नसो. रेषा काढणं हे शेवटच्या दोन मिनिटांचं काम. सगळे खरे निर्णय त्याच्या आधीचे.

खाली पायथन (नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब) धरून लिहिलं आहे. मॅटलॅब किंवा जीएमटी (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) मध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- मूळ डेटा फाइल, आणि तिच्यात ‘मोजणी नाही’ यासाठी कोणता आकडा वापरला आहे (−९९९९, ९९९.९, रिकामी जागा) याची माहिती.
- निर्देशांक कोणत्या पद्धतीतले आहेत: अक्षांश-रेखांश की मीटरमधलं प्रक्षेपण. प्रक्षेपण असेल तर कोणतं.
- मोजणीतली चूक साधारण किती: अर्धा अंश, दोन सेंटिमीटर, दहा टक्के, जे असेल ते. हा आकडा पुढे तीनदा लागतो आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.
- प्रदेशाची सीमारेषा (किनारा, तलावाचा काठ, खाणीची हद्द), नकाशा तिच्या आतच ठेवायचा असेल तर.
- नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब. क्रिगिंग (पायरी ६ मधली एक पद्धत) करायचं असेल तर सोबत पायक्रिज किंवा जीएसटूल्स.

## १. आधी नुसते ठिपके काढा

ग्रिडला हात लावण्यापूर्वी एक स्कॅटर प्लॉट काढा, ठिपक्यांना मूल्यानुसार रंग द्या आणि दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा. या एका चित्रात निम्म्या चुका उघड्या पडतात. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली असेल तर नकाशा आडवा पडलेला दिसतो. एखाद्या बिंदूचं दशांशचिन्ह सरकलं असेल तर तो एकटाच कुठे तरी लांब दिसतो आणि बाकी सगळे एका ठिपक्यात गोळा होतात. −९९९९ शिल्लक राहिला असेल तर रंगपट्टीचं खालचं टोकच तसं सांगतं.

त्यानंतर एकाच ठिकाणच्या दुहेरी नोंदी शोधा. एकच एक्स-वाय आणि दोन वेगळी मूल्यं असतील, तर त्या बिंदूतून तंतोतंत जाणारा पृष्ठभाग असूच शकत नाही. आरबीएफसारख्या पद्धती (सगळ्या पद्धतींची ओळख पायरी ६ मध्ये) अशा वेळी ‘मॅट्रिक्स सिंग्युलर आहे’ असं सांगून थांबतात. मॅटलॅबचं स्कॅटर्ड इंटरपोलंट इशारा देऊन सरासरी घेतं. बिंदू त्रिकोणांच्या जाळ्याने जोडणाऱ्या, म्हणजे त्रिकोणीकरणावर चालणाऱ्या पद्धतींत मात्र त्यातली एकच नोंद जाळ्याचं टोक होते, बाकीच्या निमूट बाजूला पडतात. म्हणून सरासरी घ्यायची की मध्यक, हे तुम्हीच ठरवा आणि आधीच उरकून टाका. अगदी जवळजवळ असलेले बिंदूही याच जातीचे: एका मीटरवर दोन विहिरी आणि पातळीत तीन मीटरचा फरक असेल, तर क्यूबिक पद्धत तो उतार खरा मानते आणि आसपास डोंगर-दऱ्या उभ्या करते.

जहाजाच्या किंवा विमानाच्या मार्गावरचा डेटा असेल तर हे काम आणखी महत्त्वाचं. मार्गावर दर ५० मीटरला एक नोंद आणि दोन मार्गांमध्ये २ किलोमीटर अंतर, म्हणजे एका दिशेला घनता चाळीसपट. तसाच ग्रिड केला की मार्गांवर मण्यांच्या माळा ओवल्यासारख्या गाठी दिसतात. आधी ५०० मीटरच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतल्या साधारण दहा नोंदींचा मध्यक घ्या. जीएमटीमध्ये यासाठी ब्लॉकमीन आणि ब्लॉकमीडियन या तयार आज्ञा आहेत, आणि ग्रिड बांधणारी ‘सरफेस’ ही आज्ञा चालवण्याआधी त्यांतली एक चालवणं हा तिथला रिवाजच आहे.

## २. मूल्य इंटरपोलेट करण्याजोगं आहे का ते पाहा

इंटरपोलेट करणं म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांची मूल्यं काढणं. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळलेली असते. वाऱ्याची दिशा घ्या. एका केंद्रावर ३५० अंश, शेजारी १० अंश; दोन्हीकडे वारा जवळपास उत्तरेचाच. मधल्या बिंदूला सरळ सरासरी काढली तर १८० येते, म्हणजे थेट दक्षिण. दिशा कधीच थेट ग्रिड करायची नाही. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक वेगळे काढायचे, दोन ग्रिड करायचे आणि शेवटी दिशा परत काढायची.

प्रदूषकाचं प्रमाण ०.१ पासून १००० पर्यंत पसरलं असेल तर एकच मोठा आकडा आजूबाजूचा सगळा भाग गिळतो. लॉग घेऊन ग्रिड करा, मग मूळ एककात आणा. उपकरणाच्या मोजमर्यादेखालच्या नोंदी शून्य म्हणून लिहिलेल्या असतील तर लॉग अडकेल. तिथे मर्यादेच्या निम्मं मूल्य घालायची पद्धत रूढ आहे. मातीचा प्रकार किंवा खडकाचा संकेतांक असेल तर फक्त ‘निअरेस्ट’, म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूचं मूल्य. प्रकार २ आणि प्रकार ४ यांच्या मध्ये प्रकार ३ उगवत नाही.

## ३. दोन्ही अक्ष एकाच मापात आणा

जवळच्या बिंदूंचा शोध अंतरावर चालतो, आणि अंतर काढताना प्रोग्राम एक्स आणि वाय यांना सारखंच वजन देतो. अंशांमधले निर्देशांक तसेच दिले तर फसगत होते: अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर, पण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११, तर ६० अक्षांशावर जेमतेम ५६. प्रदेश दोन-तीन अंशांचा असेल तर सोपा उपाय पुरतो: रेखांशातला फरक × १११.३ × मध्य अक्षांशाचा कोसाइन, आणि अक्षांशातला फरक × १११. दोन्ही किलोमीटरमध्ये मिळतात. त्यापेक्षा मोठा प्रदेश असेल तर नीट प्रक्षेपण वापरा. यूटीएम हे मीटरमधलं प्रक्षेपण चालेल, पण त्याचा प्रत्येक पट्टा ६ अंशांचाच असतो. डेटा दोन पट्ट्यांत पसरला असेल तर दोन पट्ट्यांचे आकडे एकत्र करू नका.

१८० रेखांशाची रेषा ओलांडणारा डेटा असेल तर १७९ आणि −१७९ हे शेजारी प्रोग्रामला पृथ्वीच्या दोन टोकांना दिसतात. ० ते ३६० करून घ्या. संपूर्ण पृथ्वीचा डेटा असेल तर बिंदू एकक गोलावरच्या तीन निर्देशांकांत बदलून तिथे शेजारी शोधणं सर्वांत निर्धोक. ध्रुवांचाही प्रश्न सुटतो.

अक्षांची एककंच वेगळी असतील तर प्रकरण अधिक अवघड. समुद्राचा उभा छेद घ्या: आडवं अंतर ३,००,००० मीटर, खोली ४,००० मीटर, दर ३० किलोमीटरला एक स्थानक आणि प्रत्येक स्थानकात दर १० मीटरला एक मोजणी. मीटरमध्येच ठेवलं तर कुठल्याही बिंदूचे जवळचे पन्नास शेजारी त्याच स्थानकाच्या उभ्या रेषेतले निघतात आणि शेजारचं स्थानक हिशेबातच येत नाही. सायपायच्या ग्रिडडेटाला ‘रीस्केल’ हा पर्याय खरा करून दिला की तो दोन्ही अक्ष ० ते १ मध्ये आणतो; मुळात तो बंद असतो. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः भागाकार करा: ज्या अंतरावर मूल्य लक्षणीय बदलतं त्या अंतराने. आडवं ५० किलोमीटरने, उभं १०० मीटरने, असं. हे आकडे डेटाच्या स्वभावातून येतात, म्हणून ते यंत्रावर सोडू नयेत.

## ४. ग्रिड खरंच लागतो का?

फक्त चित्रच हवं असेल तर बहुतेक वेळा लागत नाही. मॅटप्लॉटलिबमधल्या ट्रायकॉन्टूर आणि ट्रायकॉन्टूरएफ या आज्ञा विखुरलेले बिंदू थेट घेतात, त्यांचं डेलोने त्रिकोणीकरण करतात आणि त्रिकोणांवरच रेषा काढतात. (बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेली अट साधी आहे: कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत चौथा बिंदू नको. त्यामुळे त्रिकोण शक्य तितके कमी चपटे होतात.)

आत काय घडतं ते एका त्रिकोणावर पाहून घ्या. टोकं (०,०), (४,०) आणि (०,३). त्यांवरची मूल्यं अनुक्रमे १०, १८ आणि १३. तीन बिंदूंतून एकच सपाट प्रतल जातं, इथे ते १० + २एक्स + वाय असं येतं. म्हणून (१,१) या बिंदूवर मूल्य १३. आता १२ ची समोच्च रेषा कुठून जाईल? खालच्या बाजूवर १० ते १८ चढताना १२ येतो एक्स = १ ला. डाव्या बाजूवर १० ते १३ चढताना १२ येतो वाय = २ ला. तिरप्या बाजूवर मूल्य १३ च्या खाली जातच नाही. म्हणजे रेषा (१,०) पासून (०,२) पर्यंत सरळ, आणि पुढच्या त्रिकोणात दुसऱ्या कोनात वळणार. ट्रायकॉन्टूरच्या रेषा कोनेदार दिसतात त्याचं कारण एवढंच. तो दोष नाही. बिंदू विरळ असल्याची ती प्रामाणिक कबुली आहे. रेषा फार कोनेदार दिसत असेल तर तिथे डेटा कमी आहे, गुळगुळीतपणा कमी आहे असं नव्हे.

ग्रिड लागतो तो पुढच्या कामांसाठी: दोन वर्षांच्या नकाशांची वजाबाकी, आकारमान काढणं, मॉडेलला इनपुट देणं, उतार काढणं. यातलं काही करायचं असेल तरच पुढे चला.

## ५. ग्रिडचं अंतर ठरवा

प्रदेशाचं क्षेत्रफळ भागिले बिंदूंची संख्या, त्याचं वर्गमूळ. १०० × ८० किलोमीटरमध्ये ३२० बिंदू असतील तर ८००० ÷ ३२० = २५, वर्गमूळ ५ किलोमीटर. हे बिंदूंमधलं सरासरी अंतर. ग्रिड त्याच्या निम्म्याने, म्हणजे २.५ किलोमीटरने घ्या: ४१ × ३३, एकूण १३५३ छेदबिंदू. १०० मीटरने घेतलात तर ८,०१,८०१ छेदबिंदू होतील आणि माहिती तेवढीच राहील. बारीक ग्रिडचा तोटा वेळेपुरता नाही. पाहणाऱ्याला वाटतं की १०० मीटरची बारकाई खरीच मोजलेली आहे.

बिंदू गठ्ठ्यागठ्ठ्याने असतील तर हे सरासरी अंतर फसवं ठरतं. प्रत्येक बिंदूचं सर्वांत जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर केडी-ट्रीने (जवळचे बिंदू झटपट शोधणाऱ्या सायपायमधल्या साधनाने) काढा. पूर्ण यादृच्छिक विखुरलेल्या बिंदूंत त्याची सरासरी वरच्या वर्गमूळाच्या निम्मी, म्हणजे इथे २.५ किलोमीटर येते. ती त्याहून बरीच कमी आली तर डेटा गठ्ठ्यात आहे, जास्त आली तर जाळीसारखा पसरलेला आहे.

## ६. पद्धत निवडा

निअरेस्ट: जवळच्या बिंदूचं मूल्य जसंच्या तसं. संकेतांकांसाठी आणि चाचपणीसाठी. यावरून समोच्च रेषा काढू नका, पायऱ्या दिसतील.

लिनिअर: वर दाखवलेल्या त्रिकोणांतलं इंटरपोलेशन. मोजलेल्या मर्यादेबाहेर कधीच जात नाही, सीमेबाहेर मूल्य देत नाही, आणि चूक झाली तर लगेच दिसते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. दुसरी कुठलीही पद्धत हिच्यापेक्षा सरस आहे हे आधी सिद्ध व्हावं, मग वापरावी.

क्यूबिक: सायपायमध्ये ही क्लॉ-टोशर पद्धत आहे. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, उतारातही खंड पडत नाही. पण ती मोजलेल्या मूल्यांच्या वर-खाली उसळी मारते. ०, ० आणि ८० मिलिमीटर पावसाच्या शेजारी ती उणे पाऊस दाखवू शकते. शून्याखालचं शून्य करून टाकणं हा उपाय नाही, मलमपट्टी आहे, कारण जिथे उणे झालं त्याच्या समोरच्या बाजूला तीच उसळी वर गेलेली असू शकते आणि ती दिसत नाही.

व्यस्त अंतर भारित सरासरी, अर्थात आयडीडब्ल्यू: डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेली. १, २ आणि ४ किलोमीटरवर २०, २६ आणि ३२ अशी मूल्यं असतील तर घात २ ने वजनं १, ०.२५ आणि ०.०६२५, बेरीज १.३१२५, भारित बेरीज २०ㅤ+ ६.५ + २ = २८.५, उत्तर २१.७. घात १ घेतला तर २३.४, घात ४ घेतला तर २०.४. म्हणजे एकाच डेटावर नुसता घात बदलून तीन एककांचा फरक, आणि घात कोणता घ्यायचा हे सांगणारं या सूत्रात काहीच नाही. शिवाय प्रत्येक बिंदूभोवती गोल कडी तयार होतात, आणि एका बाजूला दहा बिंदूंचा गठ्ठा असेल तर त्याला दहा मतं मिळतात. समजायला सर्वांत सोपी आणि म्हणूनच गरजेपेक्षा जास्त वापरली जाणारी पद्धत.

आरबीएफ (रेडियल बेसिस फंक्शन): प्रत्येक बिंदूभोवती अंतरावर अवलंबून असलेलं फलन मांडून, त्यांच्या बेरजेतून पृष्ठभाग बांधणारी पद्धत. सायपायच्या १.७ आवृत्तीपासून ‘आरबीएफ इंटरपोलेटर’ आहे. जुनं ‘आरबीएफ’ नव्या कामासाठी घेऊ नका. मुळात थिन प्लेट स्प्लाइन (पातळ पत्रा वाकवल्यासारखा पृष्ठभाग) निवडलेला असतो, तो बहुतेक वेळा पुरतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, स्मूदिंग ० असेल तर पृष्ठभाग प्रत्येक बिंदूतून जातो, मोजणीतल्या चुकीसकट; मोजणीत चूक आहे हे माहीत असेल तर स्मूदिंग वाढवा. दुसरी, तो सगळ्या बिंदूंचा एकत्र मॅट्रिक्स बांधतो. १०,००० बिंदूंना १० कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८०० एमबी. २०,००० बिंदूंना ३.२ जीबी. शेजाऱ्यांची संख्या ५० वगैरे ठरवून दिली की हा प्रश्न सुटतो, पण संख्या फार कमी ठेवली तर ग्रिडवर बारीक चिरा दिसतात.

ताणयुक्त स्प्लाइन: जीएमटीचं ‘सरफेस’. ताण ० म्हणजे किमान वक्रता, यात उसळ्या जास्त. ताण वाढवला की उसळ्या दबतात. गुरुत्व-चुंबकीय डेटाला ०.२५ आणि उंचसखल भूभागाला ०.३५ च्या आसपास, ही तिथली नेहमीची शिफारस.

क्रिगिंग: दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या डेटावर डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये केलेल्या कामावरून नाव पडलं, गणिती बैठक जॉर्ज मॅथेरॉन यांनी साठच्या दशकात घातली. गठ्ठ्यांना आपोआप कमी वजन मिळतं आणि प्रत्येक छेदबिंदूवर अनिश्चिततेचा अंदाजही मिळतो. त्याची किंमत म्हणजे व्हेरिओग्राम: दोन बिंदूंमधलं अंतर वाढेल तसा मूल्यांतला फरक कसा वाढतो याचा आलेख. अंतराचे १० ते १५ गट पाडा, प्रत्येक गटात निदान ३० जोड्या असू द्या, प्रदेशाच्या निम्म्या लांबीपलीकडचे गट सोडून द्या. आलेख शून्याच्या वर कुठे सुरू होतो ते ‘नगेट’: मोजणीतली चूक आणि बारीक चढउतार दोन्ही त्यात. सपाट कुठे होतो ते ‘सिल’, किती अंतरावर होतो ती ‘रेंज’. पन्नासपेक्षा कमी बिंदूंवर हा आलेख भरवशाचा नसतो. आणि व्हेरिओग्राम न पाहता मुळातल्या सेटिंगवर क्रिगिंग चालवायचं असेल, तर लिनिअरच बरं.

## ७. ग्रिड बांधा, आणि उलटा होऊ देऊ नका

नमपायच्या लिनस्पेसने एक्सचे ४१ आणि वायचे ३३ आकडे काढा, मेशग्रिडला द्या. मिळणारा ॲरे ३३ × ४१ असतो: ओळी म्हणजे वाय, स्तंभ म्हणजे एक्स. कॉन्टूरला हाच क्रम हवा. ‘एमग्रिड’ मात्र ४१ × ३३ देतो. इंटरनेटवरच्या अनेक उदाहरणांत एमग्रिड वापरून शेवटी ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) केलेला असतो. नक्कल करताना नेमका तो ट्रान्सपोज गळतो. एक्स आणि वायची संख्या सारखी असेल, समजा १०० × १००, तर प्रोग्राम चूक दाखवत नाही, नकाशा गुपचूप कर्णावर पलटतो. म्हणून दोन्ही संख्या मुद्दाम वेगळ्या ठेवा. ॲरे चित्र म्हणून दाखवणारी इमशो ही आज्ञा वापरत असाल तर ‘ओरिजिन’ला ‘लोअर’ द्या, नाही तर उत्तर खाली जाते.

आरबीएफ इंटरपोलेटरला ग्रिड दोन स्तंभांची यादी म्हणून द्यावा लागतो: दोन्ही ॲरे सपाट करा, बाजूबाजूला जोडा, उत्तर परत ३३ × ४१ करा.

मग एक चाचणी. खऱ्या मूल्यांच्या जागी एक्स + ३वाय घाला आणि तीच सगळी प्रक्रिया चालवा. रेषा सरळ, समांतर आणि समान अंतरावर यायला हव्यात. उजवीकडे तीन पावलं गेलं की एक पाऊल खाली. तिरक्या उभ्या आल्या तर अक्ष उलटले आहेत. वाकड्या आल्या तर पद्धत साधं प्रतलही परत देऊ शकत नाही. आयडीडब्ल्यू या चाचणीत नापास होते, ते पाहण्यासारखं आहे.

## ८. जिथे डेटा नाही तिथे नकाशाही नको

लिनिअर आणि क्यूबिक पद्धती बाहेरच्या बिंदूंना रबरबँड गुंडाळल्यावर जो आकार होईल त्याच्या बाहेर रिकामी जागा, म्हणजे ‘नॅन’, सोडतात. निअरेस्ट, आरबीएफ आणि आयडीडब्ल्यू सोडत नाहीत. बिनदिक्कत कोपऱ्यापर्यंत भरतात, आणि थिन प्लेट स्प्लाइन तर कडेचा उतार तसाच पुढे नेतो. मॅटलॅबमध्येही हाच सापळा आहे: ग्रिडडेटा लिनिअरमध्ये बाहेर नॅन देतो, पण स्कॅटर्ड इंटरपोलंट न सांगता बाहेरही सरळ रेषेत वाढवत जातं. तिथे बाह्य पद्धत ‘नन’ अशी स्पष्ट द्या.

पण रबरबँडच्या आतही मोकळी मैदानं असतात. खाडीच्या दोन काठांवरचे बिंदू लांबलचक त्रिकोणांनी जोडले जातात आणि मध्ये न मोजलेलं तापमान उगवतं. उपाय: प्रत्येक छेदबिंदूपासून जवळच्या मोजणीचं अंतर केडी-ट्रीने काढा, आणि ते सरासरी अंतराच्या दुपटीपेक्षा (आपल्या उदाहरणात १० किलोमीटर) जास्त असेल तिथे नॅन घाला. ट्रायकॉन्टूर वापरत असाल तर ज्या त्रिकोणाची एखादी बाजू ठरावीक लांबीपेक्षा मोठी आहे तो त्रिकोण मास्क करा (झाका); कडेचे चपटे त्रिकोण काढायला ‘ट्राय ॲनालायझर’मध्ये तयार सोय आहे.

नॅन असलेल्या ग्रिडवर गॉसियन फिल्टर (ग्रिड गुळगुळीत करणारा) चालवू नका, एकेक नॅन आजूबाजूचं सगळं खात सुटतो. नॅनच्या जागी ० घालून ग्रिड फिल्टर करा, १ आणि ० चा मास्क तसाच फिल्टर करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा.

## ९. पडताळणी, रेषांच्या आधी

एक बिंदू बाजूला ठेवा, बाकीच्यांवरून त्याचं मूल्य काढा, फरक लिहा. सगळ्या ३२० बिंदूंसाठी हेच. फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ म्हणजे तुमच्या नकाशाची खरी चूक. लिनिअरमध्ये कडेचे बिंदू नॅन देतील. ते किती हे मोजून वेगळं लिहा, आणि पद्धतींची तुलना करताना सगळ्यांसाठी तेच बिंदू धरा. डेटा गठ्ठ्यात असेल तर एकेक बिंदू काढून भागत नाही, कारण शेजारीच त्याचा जुळा भाऊ बसलेला असतो. पूर्ण गठ्ठा बाजूला ठेवून पाहा.

ही चूक मूळ मूल्यांच्या प्रमाण विचलनाएवढीच आली तर ग्रिड काहीच सांगत नाही, सगळीकडे सरासरी लिहिली असती तरी चाललं असतं.

## १०. आता रेषा

रेषांमधलं अंतर त्या चुकीपेक्षा लहान ठेवू नका. चूक १.८ अंश आणि समताप रेषा दर अर्ध्या अंशाला, हा नकाशा सुंदर असेल, खरा नसेल. पातळ्या स्वतः द्या, गोल आकड्यांत: ०, २, ४, ६. आठ ते बारा पुरेत. नुसती संख्या दिली तर मॅटप्लॉटलिब प्रत्येक डेटासाठी वेगळ्या पातळ्या निवडतो आणि दोन महिन्यांचे नकाशे शेजारी ठेवून काही कळत नाही.

भरलेल्या नकाशात सर्वांत वरच्या पातळीपलीकडची मूल्यं पांढरी राहतात, ती डेटा नसलेल्या जागेसारखी दिसतात. ‘एक्स्टेंड’ला ‘बोथ’ द्या. एकाच रंगाच्या रेषा काढल्या तर उणे मूल्यांच्या रेषा आपोआप तुटक होतात, तेही माहीत असू द्या. रंगपट्टी व्हिरिडिससारखी क्रमाने उजळणारी घ्या. जेट या इंद्रधनुषी पट्टीत पिवळ्या आणि निळसर पट्ट्यांजवळ नसलेल्या कडा दिसतात. सरासरीपासूनचा फरक दाखवत असाल तर दुरंगी पट्टी घ्या, तिचा मध्य शून्यावर बसवा.

आणि मोजणीचे ठिपके नकाशावर ठेवा. लहान, काळे, पण सगळे.

## बिघडलं तर कुठे बघायचं

- क्यूहल (सायपायमध्ये त्रिकोणीकरण करणारा प्रोग्राम) ‘इनिशियल सिम्प्लेक्स इज फ्लॅट’ म्हणून थांबला: सगळे बिंदू एका रेषेत आहेत, किंवा एक स्तंभ चुकून दोनदा वाचला आहे.
- पूर्ण ग्रिड नॅन: डेटा मीटरमध्ये, ग्रिड अंशांत. किंवा मूळ मूल्यांतच नॅन आहेत. इंटरपोलेशनपूर्वी त्या ओळी काढा.
- बिंदूंभोवती बैलाच्या डोळ्यासारखी कडी: आयडीडब्ल्यूचा गुण. सगळीकडे असतील तर पद्धत बदला, एकाच बिंदूभोवती असतील तर त्या बिंदूची नोंद तपासा.
- कडेला अवाढव्य आकडे: बाहेर वाढवत नेणं बंद करा, पायरी ८.
- रेषा पायऱ्या-पायऱ्यांच्या: निअरेस्ट वापरलं आहे, किंवा मूल्यं पूर्णांकात वाचली गेली.
- दर वेळी थोडा वेगळा नकाशा: बिंदू अचूक चौकोनी जाळीवर असतील तर प्रत्येक चौकोनाचा कर्ण दोन्हीपैकी कुठलाही निघू शकतो. डेटा मुळात जाळीवर असेल तर त्रिकोणीकरण नकोच; ओळी-स्तंभांत लावा आणि थेट कॉन्टूर करा.

नकाशाखाली एक ओळ लिहून ठेवा: ‘३२० बिंदू, लॉग न घेता, लिनिअर, ग्रिड २.५ किमी, १० किमीपलीकडे रिकामं, पडताळणीतली चूक १.८’. सहा महिन्यांनी तोच नकाशा पुन्हा काढायची वेळ आली की कोड सापडो न सापडो, या ओळीवरून तो परत बांधता येतो.